गोमुख की पिंडारी? पहिल्यांदा हिमनदी बघायला निघालेल्या ग्रुपसाठी

सह्याद्रीत दोन-चार वर्षं भटकलेल्या ग्रुपचं कधी ना कधी ठरतंच, की यंदा हिमालय. मग चर्चा बहुतेक दोन नावांवर अडते. गोमुख आणि पिंडारी दोन्ही उत्तराखंडातल्या वाटा, दोन्हीकडे दोर लागत नाही, तंबू न नेताही राहायची सोय होते. मी दोन्ही वाटा चाललोय, प्रत्येक वेळी सोबत आठ-दहा जण आणि त्यात निम्मे नवखे.

सगळ्यात आधी उंची बघा. माझ्या मते निर्णय तिथेच व्हायला हवा. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. गोमुखची वाट जिथून सुरू होते त्या गंगोत्रीला गाडीतून पाय खाली टेकवता तेव्हाच तुम्ही त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर असता. दुसऱ्या दिवशी १४ किलोमीटर चालून भोजबासाला मुक्काम, तो ३,८०० मीटरच्या आसपास. पाय कितीही तयार असोत, विरळ हवा अंगवळणी पडायला रात्री जाव्या लागतात. आमच्यातला सगळ्यात दणकट गडी, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेला, भोजबासाला संध्याकाळी डोकं धरून बसला. घास जाईना, डोळ्याला डोळा नाही. उजाडल्यावर एकाला सोबत देऊन त्याला खाली पाठवलं. गंगोत्रीला पोचेपर्यंत तो बरा झाला, पण त्याचं गोमुख राहिलं. पुढच्या खेपेला आम्ही एक रात्र गंगोत्रीच्या अलीकडे हर्सिलला आणि दोन रात्री गंगोत्रीला काढल्या, मधल्या दिवशी पांडव गुफेपर्यंत सावकाश फिरून आलो. कुणालाही त्रास झाला नाही.

पिंडारीची वाट बेताबेताने चढते. खरकियाला जीप सोडते, तिथून ५ किलोमीटरवर खाती, २,२०० मीटर, वाटेवरचं शेवटचं गाव. मग द्वाली, मग फुरकिया ३,२६० मीटर. त्याहून वर झोपावं लागतच नाही. वाट संपते तो झीरो पॉइंट पहाटे निघून गाठायचा आणि खाली यायचं. जाऊन-येऊन सुमारे ५५ किलोमीटर, पाच-सहा दिवस. गोमुखची चाल तीन दिवसांची म्हणून लोक तिकडे वळतात, पण हर्सिल-गंगोत्रीच्या रात्री धरल्या की वाचलेली सुट्टी तिथेच खर्ची पडते.

हिमनदी जवळून बघायची असेल तर मात्र गोमुखला तोड नाही. भोजबासाहून पाठीवर फक्त पाणी, गरम कपडे आणि खाऊ घेऊन सकाळी निघायचं, ४ किलोमीटर. समोर येते ती पांढरी शुभ्र भिंत नसते. राखाडी, धुळीने माखलेली, अंगावर दगडगोटे वागवणारी. भेगांच्या आत तेवढा निळसर-हिरवा बर्फ दिसतो. आणि तिच्या पायाशी भागीरथी उगम वाटावा अशी झुळझुळत येत नाही, भरलेली नदीच बाहेर पडते, गढूळ आणि आवाज करत. ऊन चढलं की वरचे दगड सुटायला लागतात, म्हणून भिंतीखाली कॅन भरायला जाऊ नका, सोबतच्यांनाही जाऊ देऊ नका.

पिंडारीला बर्फाला हात लागत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. हिमनदी मागे सरकली आहे, पुढची जमीन ढासळली आहे. तुम्ही कड्याच्या काठावर थांबता आणि हिमनदी पलीकडे, नंदा खाट आणि छांगुछ या शिखरांच्या मधून उतरताना दिसते. पण तिथवरची वाट! खातीपुढे बांज (ओक) आणि बुरांसाचं (ऱ्होडोडेंड्रॉन) रान, वसंतात गेलात तर बुरांसाच्या लाल फुलांचा पायाखाली सडा. द्वालीला पिंडर आणि कफनी या नद्या मिळतात, तिथे रात्रभर पाण्याचा आवाज उशाशी. गोमुखची वाट त्या मानाने उघडी आणि रखरखीत. भोजबासा म्हणजे भूर्जवृक्षांचं राहण्याचं ठिकाण, पण भूर्ज आता शोधावा लागतो.

सोबतही वेगळी मिळते. गोमुखच्या वाटेवर साधू, कावड घेतलेले यात्रेकरू, अनवाणी चालणाऱ्या आजी. त्यांच्याबरोबर चालताना आपली बडबड आपोआप कमी होते. पिंडारीला गर्दी नाही, ग्रुप एकमेकांच्याच वाट्याला येतो. खातीतला वाटाड्या सोबत घ्या. आमचा त्याच्या घरी चुलीपुढे घेऊन गेला. मडुव्याची भाकरी बघून आमच्यातली एकजण म्हणाली, “अहो, ही तर आपली नाचणीच!” तिथून पुढे तो आम्हाला पाहुणे मानूनच चालला.

सॅकचं म्हणाल तर गोमुखला जड सामान गंगोत्रीच्या हॉटेलात ठेवता येतं, दोन रात्रींपुरतं पाठीवर. पिंडारीला सगळंच वागवावं लागतं, त्यामुळे नवख्यांसाठी खेचर किंवा पोर्टर ठरवाच. गोमुखला वनखात्याचा परवाना लागतो आणि रोज १५० जणांनाच सोडतात, तेव्हा मोठ्या ग्रुपने तारखा लवकर पक्क्या कराव्यात. पावसाळ्यात दोन्हीकडे दरडींची भीती. मे ते जूनचा पूर्वार्ध, नाहीतर सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर.

ग्रुपमध्ये कुणाला गंगेचं मूळच बघायचं असेल, तर गोमुखच करा, दोन रात्री जास्तीच्या धरून. गोमुखच्याही वरचं तपोवन पहिल्या खेपेला नको. बाकी नवखे, वेगवेगळ्या वयाचे आणि वेगवेगळ्या चालीचे लोक असतील तर माझं मत पिंडारीला. येत्या ऑक्टोबरात आम्ही नऊ जण खातीला निघालोय, भोजबासाहून परत फिरलेला तो गडीही आहे.