आधी वजन, मग पाना: कॉटन मार्केटकडील गॅसगळती दुरुस्ती सेवेचा अनुभव

संत्र्याचा आणि आल्याचा सोडा घरीच केगमध्ये (दाब सहन करणाऱ्या बंद पिंपात) भरून ठेवण्याची आमची पद्धत आता तीन वर्षांची झाली आहे. १९ लिटरचे दोन स्टीलचे केग, कार्बन डायऑक्साइडचा ५ किलोचा सिलिंडर, रेग्युलेटर आणि एक जुना फ्रीज एवढीच सामग्री. यंदा मार्च ते मे या काळात मात्र सिलिंडर तीनदा रिकामा झाला आणि जिथून तो भरून आणतो तिथे दर वेळी "उन्हाळ्यात गॅस उडतोच" एवढेच उत्तर मिळाले. सोड्यात विरघळणारा आणि सोडा ग्लासात ढकलणारा असा सगळा गॅस धरला तरी एका केगला पाव किलोच्या आसपासच लागतो. म्हणजे एका सिलिंडरमध्ये वीसेक केग निघायला हवेत. आमचे चारही निघत नव्हते.

शेवटी नागपूरच्या कॉटन मार्केटकडे, अग्निशामक सिलिंडर आणि सोडा मशिन दुरुस्त करणाऱ्या एका लहान वर्कशॉपमध्ये विचारणा केली. त्यांचे कारागीर घरी येतात. भेटीचे ४०० रुपये आणि सुट्या भागांचे पैसे वेगळे. सकाळी ११ची वेळ ठरली होती, ते आले १ वाजता. त्यांनी केलेले काम मात्र मी आजवर पाहिलेल्या कोणत्याही दुरुस्तीपेक्षा शिस्तशीर होते.

मी पाना पुढे केला, तेव्हा ते म्हणाले, "घट्ट नका करू भाऊ, आधी वजन पाहू." सिलिंडरच्या मानेवर कोरलेले रिकामे वजन वजा करून त्यांनी आत उरलेला गॅस वहीत लिहिला. कारण गॅस सिलिंडरमध्ये दाबाने द्रव होऊन राहतो आणि द्रव शिल्लक असेपर्यंत गेजवरचा, म्हणजे दाबमापकावरचा, दाब केवळ तापमानावर ठरतो, गॅस किती उरला यावर नाही: २० अंशांना सुमारे ५७ बार (बार हे दाबाचे एकक), ३० अंशांना ७२ बार, आणि ३१ अंशांच्या पुढे द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, दाब चढतच जातो. नागपूरच्या मे महिन्यात गॅलरीत ठेवलेल्या सिलिंडरचा गेज पाहून गळतीचा अंदाज बांधणे किती फसवे आहे, हे मला तेव्हा कळले. सिलिंडर त्यांनी लगेच उन्हातून हलवायला लावला.

मग भांड्यांच्या साबणाचे पाणी आणि एक ब्रश. सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या जोडावर मीच टेफ्लॉन टेप गुंडाळली होती, ती त्यांनी काढून टाकली. तिथे गॅस आट्यांनी अडत नाही, मधल्या वॉशरने अडतो, आणि आमचा वॉशर दबून पार चपटा झाला होता. नवा नायलॉनचा वॉशर बसवल्यावर तिथले मोठे बुडबुडे थांबले. अनेक जण इथेच काम संपवून पैसे मागतील. हे थांबले नाहीत. केग वेगळे करून त्यांनी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला, दोन्ही गेजच्या काचेवर काट्याची जागा मार्करने आखली आणि अर्धा तास वाट पाहिली. काटे हलले नाहीत, म्हणजे रेग्युलेटर आणि नळी निर्दोष. त्यानंतर एकेक केग जोडला आणि तोही रिकामा, कारण गॅस न मुरलेल्या भरल्या केगमध्ये पाणीच गॅस शोषते आणि गळती नसतानाही काटा खाली येतो.

दुसऱ्या केगला काटा उतरला. झाकणाच्या एका कडेला, जेमतेम बोटभर लांबीत, खसखशीएवढे बुडबुडे ओळीने उगवत होते. दाब १० पीएसआय (हे दाबाचे दुसरे, लहान एकक) असताना ते दिसत, ३० पीएसआयला झाकण दाबून बसले की नाहीसे होत. म्हणूनच इतके महिने ते माझ्या नजरेतून सुटले. सेफ्टी व्हॉल्व्हने दाब पूर्ण सोडून झाकण काढले, तर ओ-रिंगखाली, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्याखाली, संत्र्याचा वाळलेला रेषा चिकटलेला होता. मार्चमध्ये मृग बहाराच्या संत्र्यांचा रस भरला, त्या वेळचाच तो असणार. रस दोनदा गाळायला हवा होता.

कार्बन डायऑक्साइडला वास नसतो आणि तो हवेपेक्षा जड असतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीत ५ किलोचा सिलिंडर पूर्ण रिता झाला, तर हवेतील त्याचे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांवर जाते आणि एवढ्या प्रमाणात माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्यांनी हे न विचारता समजावले आणि सिलिंडर कोठीच्या खोलीऐवजी खिडकीजवळ सावलीत ठेवायला सांगितले. सिलिंडरवर कोरलेली चाचणीची तारीखही त्यांनी वाचून दाखवली. ही चाचणी दर ५ वर्षांनी करावी लागते. सिलिंडरचे नियम राबवणाऱ्या 'पेसो' या केंद्र सरकारच्या संस्थेचे मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे. निदान नागपूरकरांनी तरी ही तारीख पाहिल्याशिवाय सिलिंडर ताब्यात घेऊ नये.

उणिवा दोन. ओ-रिंगला लावायचे, खाद्यपदार्थांना चालणारे सिलिकॉन ग्रीस त्यांच्याकडे नव्हते, ते मला स्वतः मागवावे लागले. खाण्यापिण्याच्या यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्याकडे ते असलेच पाहिजे. आणि कोणत्या जोडावर काय सापडले याची लेखी नोंद मिळत नाही, फक्त बिल मिळते. एकूण खर्च ५६० रुपये आला.

या गोष्टीला सहा आठवडे झाले. तेवढ्यात तीन केग संपले आणि काल सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला, तेव्हा वजन ८०० ग्रॅमनेच कमी झाले होते.