जत्रेची गर्दी मोजायची, पण चेहरे नकोत: कुठला कॅमेरा घ्यावा?

गावची लक्ष्मी यात्रा असो की बेळगावातलं गणेश मंडळ, कॅमेऱ्यांचं कोटेशन मागवण्याआधी कमिटीने एक ठरवावं: मोजणी कमानीखालची हवी की मैदानातली?

कमानीसाठी मला वरून खाली बघणारा डेप्थ कॅमेरा सरस वाटतो. तो रंगीत चित्राऐवजी अंतर मोजतो, त्यामुळे डोकी म्हणजे नुसते उंचवटे. अंतराच्या या चित्रात चेहरा येतच नाही. आत गेले किती, बाहेर आले किती, यांची वजाबाकी तो देतो. पण बापाच्या खांद्यावरचं पोर त्याच्या हिशेबी बहुधा धरलं जात नाही, आणि अशा चुका साठत जातात. म्हणून रात्री देऊळ रिकामं झालं की आकडा शून्यावर आणायचा. यातले बरेच कॅमेरे कडक उन्हात गोंधळतात. मांडवाच्या सावलीत लावलेले बरे.

मैदानात मात्र त्याचा उपयोग नाही. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर पौर्णिमेला डोक्याला डोकं लागतं. तिथे एकेक माणूस वेगळा ओळखणारं सॉफ्टवेअर कमीच मोजणार. उंच खांबावरचा साधा कॅमेरा आणि गर्दीच्या दाटीचा नकाशा काढणारं सॉफ्टवेअर, ही जोडी घ्या. चौरस मीटरला चार-पाच माणसं झाली की सावध व्हायचं. सहा-सातला माणूस स्वतःच्या पायांनी हलत नाही, गर्दी त्याला ढकलत नेते. 4 जून 2025 ला बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत 11 जण दगावले, ते दारांपाशी. आतली मोजणी कितीही चोख असली तरी दाराबाहेरची दाटी तिला दिसत नाही. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर मी या दाटी दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातच घालीन.

अडचण एवढीच की हा कॅमेरा चेहरे बघू शकतो. तेव्हा हिशेब जागेवरच्या डब्यात, म्हणजे कॅमेऱ्याला जोडलेल्या छोट्या संगणकात व्हावा, चित्र लगेच पुसलं जावं आणि बाहेर फक्त आकडा जावा, हे करारात लिहून घ्या. चित्रण साठवून मग चेहरे धूसर करणं वेगळं. तिथे मूळ चित्र कुणाच्या तरी हातात असतंच. ओळख पटेल अशा चित्रणाला 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लागू होऊ शकतो. आणि विसर्जनाच्या पावसात छत्र्या उघडल्या की आकडा कोसळतो, हेही धरून चला.

थर्मल कॅमेरा अंधारात उत्तम, पण महाग. वैशाखात दुपारी रस्ताच अंगाइतका तापला की माणसं त्यात विरून जातात. वायफायवरून मोबाईल मोजायची योजना कुणी आणली तर नको म्हणा. हल्लीचे फोन वायफायवरचा आपला ओळख-क्रमांक बदलत राहतात, त्यामुळे एकच फोन अनेकदा मोजला जाऊ शकतो.

पैसे देण्याआधी मंगळवारी-शुक्रवारी, देवळात बऱ्यापैकी वर्दळ असताना, दोन पोरांना हातातलं काउंटर देऊन अर्धा तास उभं करा आणि आकडे ताडून बघा. मग इंटरनेटची वायर काढा. मोजणी थांबली तर चित्र बहुधा बाहेर जात होतं. चालू राहिली तर डब्यात मेमरी कार्ड आहे का, ते उघडून बघा.