लाइट्झ की वॉटसन? वापरण्यासाठी जुना पितळी मायक्रोस्कोप घेताना

दोन्ही माझ्याकडे आहेत आणि दोन्ही मी वापरले आहेत, म्हणून लिहितो. एक जर्मनीतल्या वेट्झलारच्या लाइट्झचा, घोड्याच्या नालेसारख्या बैठकीचा. दुसरा लंडनच्या वॉटसनचा, तिपाईवर उभा. नुसता दिवाणखान्यात ठेवायचा असेल तर डोळ्यांत भरेल तो घ्यावा. हे लिहिणं आहे ते रविवारी सकाळी त्याच्याखाली पाण्याचा थेंब ठेवणाऱ्यांसाठी.

खरेदीला जाताना खिशात शाळेच्या मायक्रोस्कोपचा साधा १० एक्स ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नळीच्या खालच्या टोकाला बसणारं दहापट मोठं दाखवणारं भिंग, ठेवा. लंडनच्या रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीने ऑब्जेक्टिव्हच्या आट्यांचं माप १८५८ मध्ये ठरवून दिलं, ते आजही चालतं. माझ्या दोन्ही यंत्रांवर आजचा ऑब्जेक्टिव्ह सहज फिरून बसतो. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर लंडनचं नाव कोरलेले चकचकीत नवे पितळी नग मिळतात, त्यांवर सहसा बसत नाही. लाइट्झचं साल ओळखायलाही एक खूण आहे. त्यांचा एक लाखावा मायक्रोस्कोप १९०७ मध्ये रॉबर्ट कॉख यांना भेट दिला गेला. माझ्या नगावरचा क्रमांक ऐंशी हजारांच्या घरातला, म्हणजे त्याच्या थोडा आधीचा.

भिंगांपुरतं बोलायचं तर लाइट्झ सरस, निदान माझे दोन नग शेजारी ठेवले तर. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशींच्या कडा त्यात जास्त रेखीव दिसतात. फक्त नळीची लांबी सांभाळावी लागते. लाइट्झची भिंगं १७० मिलिमीटरच्या नळीसाठी घडवलेली, जुनी इंग्रजी भिंगं बहुधा २५० साठी. आतली नळी त्या आकड्यापर्यंत ओढली नाही तर जास्त मोठं दाखवणाऱ्या ऑब्जेक्टिव्हखाली चित्र दुधाळ होतं आणि आपण उगाच भिंगाला दोष देतो.

बसण्याची सोयही लाइट्झचीच. पाण्याचा थेंब पाहताना स्टेज, म्हणजे स्लाइड ठेवायची पाटी, आडवंच ठेवावं लागतं, तिरकं केलं की पाणी ओघळतं. लाइट्झ बुटका, खुर्चीत बसून डोळा लावता येतो. वॉटसनसाठी मी बुटकं टेबल करून घेतलं.

एवढं असूनही मी वॉटसनकडे वळलो, त्याचं कारण एकच, फाइन फोकस, म्हणजे चित्र अगदी बारीक हालचालीने स्पष्ट करायचा स्क्रू.

कुंडीखालच्या बशीतल्या हिरवट पाण्यात रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव असतात. डोक्यावर केसांची दोन चक्रं फिरत असल्यासारखी दिसतात आणि जरा खाली फोकस नेला की अंगाच्या आत जबडा चालताना दिसतो. हा जबडा पाहायचा तर बोट सतत फाइन फोकसवर हवं. माझ्या लाइट्झमध्ये चक्र दिसत असताना स्क्रू थोडा फिरवला की अख्खं चित्र डावीकडे सरकायचं. उलटा फिरवला की परत उजवीकडे. जबडा फोकसमध्ये यायचा तेव्हा रोटिफर चौकटीबाहेर गेलेला असायचा. तासभर असं केल्यावर डोळ्यांपेक्षा मन जास्त थकतं.

कारण रचनेतच आहे. त्या काळच्या या लाइट्झमध्ये फाइन फोकसचा स्क्रू खांबाच्या डोक्यावर असतो आणि नळीसकट सगळा हात, म्हणजे नळी धरून ठेवणारा वरचा भाग, खांबातल्या तिकोनी दांड्यावर स्प्रिंगच्या आधाराने वरखाली होतो. यंत्र त्या हाताला धरून उचललं की सगळं वजन त्या दांड्याच्या जोडावर येतं. खरं तर ते खांबाला धरून उचलायचं, पण शंभर वर्षांत किती जणांनी ते पाळलं असेल? घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिरांनी उघडून पाहिलं आणि म्हणाले, "साफ करून देतो, पण झिजलेलं पितळ परत कुठून आणू?"

झीज वॉटसनमध्येही होती. घरी आणला तेव्हा नळी आपल्या वजनाने हळूहळू खाली यायची, स्लाइडवरची पातळ काच, कव्हरस्लिप, चिरडण्याची भीती. पण वॉटसनने सरकत्या खाचांना चिरा देऊन बाजूला बारीक स्क्रू बसवले आहेत, घासलेलं आवळून घेता यावं म्हणून. जुनं ग्रीस गोंदासारखं झालं होतं. ते कापसाला रॉकेल लावून काढलं, नवं लावलं, मग घड्याळाच्या पेचकसाने दोन स्क्रू अगदी किंचित आवळले. त्यानंतर तीन पावसाळे गेले, नळी जागची हललेली नाही. फाइन फोकस फिरवला तरी रोटिफर जिथे आहे तिथेच राहतो.

सगळेच लाइट्झ असे असतील असं मला म्हणायचं नाही. एखाद्या डॉक्टरांच्या घरी पेटीत जपून राहिलेला नग घट्ट असू शकतो. समोर आला तर जास्त मोठं दाखवणारा ऑब्जेक्टिव्ह लावा, स्लाइडवरचा एखादा कण मधोमध घ्या आणि फाइन स्क्रू अर्धा वळसा पुढे-मागे फिरवा. कण जागेवर राहिला तर विचार करायला हरकत नाही. बाकी सगळं सारखं असेल तर मात्र माझा कल वॉटसनकडे राहील.

बुरशी दोन्हींना सारखीच लागते. ऑब्जेक्टिव्ह काढून मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर सोडून द्या, काच कोरली गेलेली असण्याची शक्यता असते. आणि घरी आणल्यावर चिंच लावून घासू नका. पितळावरचा तो सोनेरी थर लाखेच्या वार्निशचा असतो, एकदा गेला की पितळ उघडं पडतं.

सध्या लाइट्झचे ऑब्जेक्टिव्ह मी वॉटसनवर चढवले आहेत आणि नळी १७० वर ओढून ठेवली आहे. लाइट्झ कपाटात आहे.