फोटो टाकायचे कुठे : इन्स्टाग्राम की आयनॅचरलिस्ट?

मुंबईत आरे, भांडुप पंपिंग, शिवडी इथे पक्षी-प्राणी टिपत फिरून हार्ड डिस्क भरते आणि वाटायला लागतं की या फोटोंचा त्या जागांना काही उपयोग व्हावा. मी चार वर्षं इन्स्टाग्रामवर आणि आयनॅचरलिस्टवर, म्हणजे दिसलेल्या जिवांची फोटो, जागा आणि तारखेसह नोंद करायच्या नि इतरांकडून ओळख पटवून घ्यायच्या संकेतस्थळावर, असे दोन्हीकडे फोटो टाकले, म्हणून लिहितो.

इन्स्टाग्रामची ताकद मोठी आहे. फोटोनं माणसं हलतात. नयन खानोलकर यांच्या आरेतल्या बिबट्याच्या फोटोला २०१६ मध्ये ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’च्या शहरी विभागाचं बक्षीस मिळालं, आणि आरेत कधी पाऊल न ठेवलेल्यांनाही पाड्याच्या गल्लीतून चालणारा बिबट्या दिसला. तसा एक फोटो जे करतो, ते माझ्या शंभर नोंदींना जमणार नाही.

माझं मन फिरलं ते पिंगळ्यामुळे, म्हणजे एका छोट्या घुबडामुळे. गोरेगावात घराजवळच्या रेनट्रीच्या ढोलीत दोन पिल्लं होती. एक फोटो टाकला, लोकेशन न देता. मागे दूधकेंद्राची अर्धी पाटी आली होती, तेवढ्यावरून कुणीतरी जागा ओळखून कमेंटमध्ये लिहिली. रविवारी सकाळी गेलो तर झाडाखाली नऊ जण. पिल्लू बाहेर यावं म्हणून एकजण काठीनं खोड ठोकत होता. वर मादी फांद्या बदलत ओरडत होती. कमेंट काढून टाकली, पण जागा फुटायची ती फुटलीच. पुढच्या वर्षी ढोली रिकामी होती. आमच्यामुळेच, असं खात्रीनं म्हणता येणार नाही. मला मात्र ते अजून लागतं.

आयनॅचरलिस्टवर नोंद करताना जागा ‘ऑब्स्क्युअर्ड’ करता येते. मग नकाशावरचा ठिपका साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेही पडतो. धोक्यात असलेल्या बऱ्याच जातींसाठी हे आपोआप होतं. पिंगळ्यासारख्या नेहमीच्या पक्ष्यासाठी आपल्यालाच निवडावं लागतं. फोटोतली पाटी मात्र तिथेही आपणच कापायची. बाकी जातींची जागा उघडी ठेवा. उद्या एखाद्या पाणथळीवर भराव पडायला लागला की हरकत घेणाऱ्यांना कुठली जात, कुठे, कोणत्या तारखेला दिसली हेच लागतं. इन्स्टाग्रामवर चढवलेल्या फोटोतून ही माहिती गळून जाते. शिवाय आयनॅचरलिस्टवर पाठमोरा, धूसर फोटोही चालतो, ओळख पटली म्हणजे झालं.

कौतुक मात्र फारसं होत नाही. कीटक-कोळ्यांची ओळख पक्की व्हायला कधी महिनेही जातात, नव्या माणसाला ते कंटाळवाणं वाटू शकतं.

सेटिंगमध्ये नोंदीचं लायसन्स आणि फोटोचं लायसन्स वेगळं असतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. फोटोचे हक्क हवे तर राखून ठेवा. नोंदीचे राखले, तर ती जीबीआयएफमध्ये, म्हणजे जगभरचे अभ्यासक वापरतात त्या साठ्यात, जात नाही.

इन्स्टाग्राम मी सोडलेलं नाही. शिवडीचे रोहित (फ्लेमिंगो) तिथेच टाकतो, ते कुठे उतरतात हे सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. ढोली आणि घरटी आयनॅचरलिस्टवर जातात, जागा झाकून, आणि तीही पिल्लं उडून गेल्यावर.