धबधब्यासाठी सीपीएल घ्यावा की एनडी?

देवकुंड धबधब्याचे फोटो काढायला निघालेल्या डोंबिवलीच्या मित्राचं बजेट लेन्सवर लावायच्या एकाच फिल्टरचं आहे. सीपीएल म्हणजे चकाकी कापणारा पोलरायझर; एनडी म्हणजे प्रकाश अडवणारी गडद काच, जिच्यामुळे एक्स्पोजर लांबतं आणि वाहतं पाणी दुधासारखं दिसतं.

वजन दोघांचंही नगण्य, पण सहा स्टॉपच्या (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) एनडीला ट्रायपॉड लागतोच. १/६० सेकंदाचं एक्स्पोजर थेट एक सेकंदावर जातं. लोकलच्या गर्दीपासून निसरड्या वाटेपर्यंत तो ट्रायपॉड वाहायचा कुणी? शिवाय स्वस्तातला एनडी रंग बिघडवतो.

सीपीएल दीड-दोन स्टॉपच प्रकाश खातो. रिंग फिरवली की ओल्या कातळावरची पांढरट चकाकी जाते आणि खालचं शेवाळ हिरवंगार दिसू लागतं. ही करामत एडिटिंगमध्ये जमत नाही.

पाण्याचे तुषार दोघांवरही बसणार. कोरडं फडकं हाताशी हवं.

झाडोऱ्यात, ढगाळ हवेत जाणाऱ्याला सीपीएल पुरे. कॅमेरा दगडावर टेकवायचा. भर उन्हातही दुधासारखंच पाणी हवं असेल, तर एनडी.