स्टेशनपासून सात मिनिटं, भाडं ९,५००, गेले ९०,८००

भाड्याच्या फ्लॅटच्या नावाखाली एका एजंटने मला फसवलं. आधी हिशोब. डिपॉझिट ७५,००० (टोकन ५,०००, यूपीआयने ४०,०००, रोख ३०,०००), ब्रोकरेज ९,५००, ‘अ‍ॅग्रीमेंटचा खर्च’ १,८०० आणि टेम्पो ४,५००. एकूण ९०,८०० रुपये. यातल्या फक्त टेम्पोवाल्याने घेतलेल्या पैशाचं काम केलं. किल्ली लागत नाही म्हटल्यावर परतीचं भाडंही त्याने निम्मंच लावलं.

प्रकार जुनाच आहे. एक फ्लॅट, एक किल्ली, तीन-चार गिऱ्हाइकं आणि परगावचा मालक. वाचणाऱ्यांना माहीत असेल. मलाही माहीत होता. म्हणून ‘असं कसं फसलात?’ हे कृपा करून विचारू नका. घरचे विचारून थकलेत.

ठाण्याच्या पुढे भाड्याचं घर शोधताना पैसे घराचे कमी आणि चालत गाठता येणाऱ्या स्टेशनचे जास्त मोजावे लागतात. स्टेशनपासून दहा मिनिटांच्या आतली वन-बीएचके आणि रिक्षाच्या अंतरावरची तशीच वन-बीएचके यांत दोन-तीन हजारांचा फरक पडतो. लांबची घ्यावी तर सकाळी शेअर रिक्षाची रांग, पावसाळ्यात ती दुप्पट, रात्री उशिरा रिक्षावाल्याच्या मर्जीचं भाडं. कल्याणच्या पुढे भाडी उतरतात, पण तिथे लाइन फाटते, अर्ध्या गाड्या कसाऱ्याकडे, अर्ध्या कर्जतकडे; ठरलेली लोकल चुकली की ऑफिसात लेटमार्क ठरलेला. हे गणित ठगांना आपल्यापेक्षा चांगलं येतं. म्हणून जाहिरातीत फ्लॅट केवढा ते कुठेच नव्हतं, ‘स्टेशनपासून ७ मिनिटं चालत’ एवढंच ठळक होतं. आणि ते खरं निघालं! घड्याळ लावून चाललो, पुलाचा जिना धरून साडेसात मिनिटं. एवढं एक तपासलं आणि सगळंच तपासल्यासारखं वाटलं.

भाडं ९,५००. त्या गल्लीत बाकी काही १३,००० च्या खाली नव्हतं. स्वस्त का, हे विचारलं होतं. चौथा मजला, लिफ्ट नाही, मालक नाशिकला, त्यांना दरमहाच्या भाड्यापेक्षा हातात डिपॉझिट जास्त हवंय. हेवी डिपॉझिट आणि कमी भाडं हा मुंबई-ठाण्यात रोजचा व्यवहार आहे. या उत्तरात खोट काढणारा माणूस मला दाखवा.

खोट गेटवर होती. वॉचमनच्या वहीत नाव, फ्लॅट नंबर, ‘कोणाकडे’ असे रकाने होते. एजंटने सही ठोकली आणि ‘कोणाकडे’च्या रकान्यात लिहिलं ‘स्वतः’. मालकाचा माणूस ‘स्वतः’ कशाला लिहील? वर वॉचमन हसून म्हणाला, “आज परत पार्टी आणली का?” मी ते ऐकलं. ऐकून असं वाटलं की घराला मागणी आहे, घाई करायला हवी. तिथल्या तिथे ५,००० टोकन पाठवलं. या एका वाक्यासाठी मी स्वतःला अजून शिव्या घालतो. त्या वॉचमनला बाजूला घेऊन चहा पाजला असता तर दहा रुपयांत प्रकरण मिटलं असतं.

दुसरी खूण वीजबिलाची. महावितरणच्या बिलावर भलतंच नाव. “जुन्या मालकाचं आहे, बदलायचं राहिलंय.” आपल्याकडे हजारो मीटर खरोखरच मेलेल्या माणसांच्या नावावर चालतात, त्यामुळे हेही पटलं. पटवून घेऊ नका. बिलावरचं नाव जुळत नसेल तर मालमत्ता कराची पावती मागा, सोसायटीचं मेंटेनन्स बिल मागा, सेक्रेटरीचा नंबर वॉचमनकडून घ्या. एजंटकडून घेतलात तर त्याच्याच मेहुण्याशी बोलाल.

तिसरी खूण म्हणजे ‘सर्व्हर डाऊन’. लिव्ह अँड लायसन्सच्या (म्हणजे भाडेकराराच्या) ऑनलाइन नोंदणीत मालक आणि भाडेकरू दोघांचे आधारला पडताळलेले अंगठे लागतात, फोटो निघतो. मालक असल्याशिवाय ती होत नाही, तिचा खरा उपयोग हाच. एजंटने आणला ५०० च्या स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला, नोटरीचा लाल शिक्का मारलेला करार. मालकाची सही आधीच केलेली. “सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी अंगठे घेऊ.” सरकारी सर्व्हर बंद असतो यावर या राज्यात कोण अविश्वास दाखवेल? त्याच दिवशी ४०,००० यूपीआयने गेले, आणि ‘आजची लिमिट संपली’ असं त्यानेच सुचवल्यावर ३०,००० रोख. लिमिट संपली नव्हती. रोखीचा माग राहत नाही एवढंच त्याला हवं होतं.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदवलेलाच हवा. ती जबाबदारी मालकाची असते आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड होऊ शकतो. खर्चही काही फार नाही: ११ महिन्यांच्या एकूण भाड्यात डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के व्याज मिळवून त्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. माझ्या आकड्यांना ते ३०० च्या आसपास येतं. पालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. माझ्याकडून त्याने बनावट कागदाचे १,८०० घेतले. खरा कागद याहून स्वस्त पडला असता.

शनिवारी सामान घेऊन गेलो तर किल्ली लागेना. कुलूप बदललेलं. पंधरा मिनिटांत खाली दुसरा टेम्पो, त्यात गॅसची शेगडी, देव्हारा आणि तिघं माणसं. त्यांच्या हातातही तीच किल्ली, त्याच नोटरीचा शिक्का. त्यांनी ६०,००० दिले होते. (मला १५,००० जास्त का लावले, हा प्रश्न त्या क्षणीही मनात आला. माणसाचं काही सांगता येत नाही.) सेक्रेटरीकडून कळलं की फ्लॅट त्या एजंटने स्वतःच ११ महिन्यांच्या नोंदवलेल्या करारावर घेतला होता आणि खऱ्या मालकाचंही दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च मोफत आहे. जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की नोंदवलेल्या दस्तांची सूची क्रमांक २, म्हणजे दस्ताचा गोषवारा, दिसते. भाडेकरू म्हणून त्याचं नाव तिथे होतं. मी ते नंतर पाहिलं. टोकन देण्याआधी बघायची गोष्ट ती.

आता पोलीस. पहिल्या ठाण्यात: “ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.” नोटरीचा करार दाखवला म्हणून दिवाणी! म्हणजे ठगाने ५०० चा कागद वापरला की गुन्हा धुऊन निघतो. दुसऱ्या दिवशी: “पैसे कुठे दिलेत? त्याच्या ऑफिसात? मग ती हद्द आमची नाही.” त्या हद्दीतले म्हणाले, फ्लॅट जिथे आहे तिथे जा. मधल्या एका हवालदारसाहेबांनी सल्ला दिला की आधी बँकेत जाऊन या. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी चोरीला गेलेला नाही. सल्ला देणाऱ्या हवालदाराने अंगठे का घेतले नाहीत असं मलाच दरडावून विचारलं. महारेराकडेही (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं प्राधिकरण) जाऊ नका, भाड्याचे व्यवहार तिथे येत नाहीत. या फेऱ्यांत दोन दिवस गेले आणि तेवढ्यात ४०,००० पुढच्या खात्यांत पांगले.

म्हणून सांगतो, पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. तासाभरात केलात तर खातं गोठण्याची आशा असते. रोख रक्कम त्यात येत नाही. हद्दीचं कारण दिलं तर शून्य क्रमांकाने (म्हणजे हद्द कोणाचीही असो, इथेच) गुन्हा नोंदवा म्हणा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट आहे. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं आहे. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येते. तोंडी बोलू नका, लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. माझा गुन्हा नोंदला गेला तो दुसऱ्या टेम्पोवाल्या कुटुंबासह वरिष्ठांकडे लेखी तक्रार दिल्यावर, एकोणिसाव्या दिवशी.

त्या ४०,००० पैकी ६,२०० रुपये एका खात्यात गोठलेले सापडले. ते सोडवायला कोर्टात अर्ज करायचा म्हटलं. अर्ज करून द्यायचे वकिलांनी ७,००० सांगितलेत.