हॉलच्या बिलातलं ‘म्युझिक लायसन्स’: पैसे भरण्याआधी वाचा

हळदीच्या दोन दिवस आधी मंगल कार्यालयातून फोन येतो. “डीजेसाठी म्युझिक लायसन्स काढलंय का? नसेल तर साउंड लावता येणार नाही. हवं तर आम्हीच काढून देतो, बिलात धरू.” वेळ नेमकी साधलेली असते. पत्रिका वाटून झालेल्या, अनामत अडकलेली, गावाकडचे पाहुणे निघालेले. अशा वेळी घासाघीस कोण करणार? मुलीकडचे मुकाट्याने पैसे मोजतात, तेही कायद्याने ज्याला सूट दिली आहे त्याच कार्यक्रमासाठी.

कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ५२(१)(झेड-ए) काढून वाचा. धार्मिक समारंभात गाणं वाजवणं किंवा गाणं म्हणणं हा कॉपीराइटचा भंग नाही, असं ते सांगतं. त्याखालच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित इतर सामाजिक सोहळे यांचाही समावेश आहे. लग्नात रॉयल्टी मागू नये, असं केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाने २४ जुलै २०२३ च्या जाहीर सूचनेत पुन्हा बजावलं. या सूचनेची एक प्रत मोबाइलमध्ये ठेवा.

आता मॅनेजरचं ठरलेलं उत्तर ऐका: “ती सूट कोर्टाने काढली.” हे अर्धसत्य आहे. गोवा सरकारने ३० जानेवारी २०२४ ला याच सवलतीबद्दल परिपत्रक काढलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १३ ऑगस्ट २०२४ ला ते रद्द केलं. परिपत्रक गेलं, कलम जागच्या जागी आहे. मात्र सवलतीची हद्दही ओळखा. हळद, वरात, लग्न, स्वागत समारंभ यांत बाजू भक्कम. तिकीट लावलेला कार्यक्रम, कंपनीची पार्टी, हॉटेलची थर्टी फर्स्ट, वाढदिवस यांना हे कलम उपयोगी नाही. लग्नाच्या नावाखाली हॉटेलने ठेवलेल्या डीजे नाइटवर वाद होऊ शकतो.

पैसे दोनदा जातात ते वेगळ्याच कारणाने. एका गाण्यात हक्क दोन असतात: शब्द-चालीचा एक आणि ध्वनिमुद्रणाचा दुसरा. एकाची पावती दाखवली की दुसऱ्याचा माणूस दारात उभा. शब्द-चालीसाठी आयपीआरएस आणि ध्वनिमुद्रणासाठी आरएमपीएल या कलम ३३ खाली नोंदलेल्या, हक्कमालकांच्या वतीने परवाने देणाऱ्या सोसायट्या आहेत. नोंदणी नसलेला प्रत्येक जण खोटा, असंही नाही. कलम ३० नुसार हक्काचा मालक स्वतः परवाना देऊ शकतो, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तसा निकालही दिला आहे. म्हणून नुसतं लेटरहेड पाहून गप्प बसू नका. कोणत्या गाण्यांचे हक्क, कोणाकडून लेखी घेतले, यादी कुठे आहे, हे तिन्ही मागा. खऱ्या मालकाकडे हे कागद असतात.

बँजो किंवा ऑर्केस्ट्रा प्रत्यक्ष वाजणार असेल, तर तिथे ध्वनिमुद्रण वाजतच नाही. त्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या परवान्याची मागणीच चुकीची. ही चूक हॉलवाले सर्रास करतात, आणि ती चूकच असते असं मानायला मन तयार होत नाही.

हॉल ठरवतानाच करारात लिहून घ्या: “गाण्याच्या परवान्यापोटी वेगळी रक्कम आकारली जाणार नाही.” डीजेच्या कोटेशनमध्ये ‘लायसन्ससह’ लिहिलेलं असेल आणि हॉलही तेच मागत असेल, तर एकच रक्कम दोघांच्या खिशात जाते आहे. हॉलने वर्षाचा परवाना आधीच काढलेला असेल, तर त्याची प्रत मागा. लाउडस्पीकरची पोलीस परवानगी आणि रात्री दहाची मर्यादा हा वेगळा विषय. ‘परमिशन चार्जेस’ अशा एकाच ओळीत दोन्ही घुसडलेलं दिसलं, तर ओळ फोडून मागा.

ऐनवेळी कोणी मशीन उचलायची धमकी दिली तर घाबरू नका. कलम ६४ नुसार जप्तीचा अधिकार उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या पोलीस अधिकाऱ्याला आहे, कंपनीच्या एजंटला नाही. पैसे द्यावेच लागले तर रोख देऊ नका. हॉलच्या नावाने ऑनलाइन भरा, ‘म्युझिक लायसन्सपोटी, हरकत नोंदवून’ असा मेसेज पाठवा आणि जीएसटी क्रमांक असलेलं बिल घ्या. पुढे १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना हाच कागद कामी येतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही.

ही सवलत मांडवापुरती आहे. तेच गाणं लग्नाच्या व्हिडिओत घालून यूट्यूबवर टाकलं की वेगळा हक्क लागतो, आणि आवाज बंद होऊ शकतो. थेट प्रक्षेपण असेल तर सनईचं रेकॉर्डिंगही यूट्यूबच्या यंत्रणेकडून ओळखलं जातं आणि नेमकी मंगलाष्टकं चालू असताना प्रक्षेपण तुटू शकतं. तेवढ्या वेळापुरता कॅमेऱ्याचा आवाज भटजींच्या माइकवरून घ्या.